त्यांच्याबद्दल सगळ्यांना सांगितलंस, त्यांना कधी सांगणार?

प्रश्न : ताई, मी एकतीस वर्षांची आहे. बदलापूरला राहते आणि अंधेरी पूर्वेला निर्यातीची कागदपत्रं करणाऱ्या ऑफिसात नऊ वर्षं काम करते. एप्रिलपासून मला आमच्या पाच जणांच्या गटाचं प्रमुख केलंय. गटात एक काका आहेत, वय चोपन्न. मी नवीन होते तेव्हा शिपिंग बिल, म्हणजे माल परदेशी पाठवताना कस्टम्सला द्यायचा कागद, कसं भरायचं हे मला त्यांनीच हाताला धरून शिकवलं. गेले चार महिने त्यांच्या कामात चुका होताहेत. निव्वळ वजनाच्या जागी एकूण वजन पडतं, इन्व्हॉइसचा नंबर मागच्या मालाचा राहून जातो. जुलैमध्ये असाच आकडा पॅकिंग लिस्टशी जुळेना, माल न्हावा शेव्याला अडकला आणि जहाज चुकलं. तेव्हापासून मी त्यांच्या सगळ्या चेकलिस्ट, म्हणजे बिल दाखल करण्याआधीचे भरलेल्या माहितीचे कागद, संध्याकाळी गुपचूप तपासते आणि दुरुस्त करते. घाटकोपरला पोचेपर्यंत साडेआठची लोकल गेलेली असते. साहेबांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, ‘इन्क्रिमेंटच्या वेळी बघू.’ मैत्रीण म्हणते, सँडविच कर, आधी कौतुक, मध्ये चूक, शेवटी पुन्हा कौतुक. काकांसमोर उभी राहिले की तोंडातून शब्द फुटत नाही. त्यांना न दुखावता कसं सांगू?
— एक वाचक, बदलापूर

उत्तर : तुझं पत्र वाचताना मी एक यादी केली. काकांच्या चुका तुझ्या साहेबांना माहीत आहेत, मैत्रिणीला माहीत आहेत, तुझ्या घरी उशीर का होतो हे विचारणाऱ्यांना माहीत असणार, आणि आता मला आणि हे पान वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत झाल्या. राहिले फक्त काका.

मी तेहतीस वर्षं फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत होते, त्यातली बरीचशी आस्थापना शाखेत. म्हणजे लोकांची सेवापुस्तकं, रजा, बढत्या आणि गोपनीय अहवाल. ज्याला सगळे ‘सीआर’ म्हणायचे, ते. त्या बंद लिफाफ्यांनी माणसांचं काय होतं हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय, म्हणून तुला आधी माझी गोष्ट सांगते.

१९९१ साली मी वरिष्ठ लिपिक होते. आमचे अधिकारी फार सज्जन. दर गुरुवारी दत्ताचा प्रसाद आणून प्रत्येकाच्या हातावर ठेवायचे, माझा मुलगा आजारी होता तेव्हा रोज चौकशी करायचे. बढतीची यादी लागली आणि माझं नाव त्यात नव्हतं. का, ते मला लिफ्टमध्ये दुसऱ्या शाखेतल्या एका बाईंकडून कळलं. सलग दोन वर्षं माझ्या अहवालात ‘चांगला’ एवढीच प्रत होती, बढतीला त्याहून वरची लागत होती. खाली शेरा होता की टिप्पणी लिहिताना मी नियमाचा आधार देत नाही. प्रतिकूल शेरा असता तर नियमाप्रमाणे मला कळवावा लागला असता. ‘चांगला’ हा काही प्रतिकूल नव्हे, म्हणून कोणी कळवला नाही.

तो शेरा खरा होता गं. तेच मला सगळ्यात जास्त लागलं. मी टिप्पणीत नियमाचा क्रमांक लिहीत नव्हते, कारण तो लिहायचा असतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. कळल्यावर आठ दिवसांत शिकले. आठ दिवसांच्या कामासाठी दोन वर्षं गेली. आणि साहेबांनी रोज माझी चौकशी केली, प्रसाद दिला, फक्त ती एक गोष्ट सांगितली नाही. माझं मन दुखावू नये म्हणूनच सांगितली नसणार, असं मला आजही वाटतं.

हे माझ्या एकटीचं नव्हतं. सीमा रस्ते संघटनेतल्या एका अभियंत्याचा, देव दत्त यांचा, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९३-९४ च्या अहवालात त्यांना ‘चांगला’ शेरा मिळाला होता आणि बढतीसाठी ‘फार चांगला’ लागत होता. शेरा त्यांना कळवलेला नव्हता. मे २००८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की शेरा वाईट असो, साधारण असो की चांगला असो, प्रत्येक नोंद त्या माणसाला कळवलीच पाहिजे. कळवलं तर तो सुधारू शकतो आणि पटलं नाही तर दाद मागू शकतो. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने त्या अहवालाच्या नावातला ‘गोपनीय’ शब्दच काढून टाकला. हा निकाल आमच्या शाखेत आला तेव्हा मी तो दोनदा वाचला आणि त्या दिवशी डबा न खाता नुसती बसून राहिले.

आता तुमच्या ऑफिसात बघ. साहेब म्हणतात इन्क्रिमेंटच्या वेळी बघू. म्हणजे काकांचा लिफाफा बंद होतोय आणि त्यात तूही कागद टाकते आहेस. रात्री बसून त्यांच्या चेकलिस्ट दुरुस्त करतेस, त्याने तर आणखीच अन्याय होतो. काकांना वाटतं, जुलैनंतर सगळं सुरळीत आहे. आपलं काम कुठे पोचतं आणि कसं परत येतं, हे त्यांना दिसायचीच तू सोय ठेवली नाहीस. सोमवारपासून ते बंद कर.

सँडविचचं म्हणशील तर मला ती रीत पटत नाही. आपल्याकडे ‘तुमचं काम छान आहे, पण’ असं कोणी सुरू केलं, की ऐकणाऱ्याचा कान थेट त्या ‘पण’ला लागतो आणि आधीचं सगळं वाया जातं. पुढच्या वेळी तू मनापासून कौतुक केलंस तरी काका ‘पण’ची वाट बघत बसतील. काकांनी तुला शिकवलं हे खरं आहे ना? मग ते कौतुक म्हणून वापरू नकोस, कारण म्हणून सांग. ‘काका, हे काम मी तुमच्याकडून शिकले. म्हणून हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये असं मला वाटतं.’ यात ‘पण’ लागत नाही.

जागा आणि वेळ ठरव. त्यांच्या टेबलाशी उभं राहून नको, काचेच्या केबिनमध्ये तर अजिबात नको, तिथे आवाज जात नसला तरी चेहरे सगळ्यांना दिसतात. डबा खातानाही नको. व्हॉट्सअ‍ॅपवर तर एक अक्षर लिहू नकोस, लिहिलेल्याला आवाज नसतो आणि रात्री अकरा वाजता माणूस ते सतरा वेळा वाचतो. सकाळी गर्दी व्हायच्या आत मीटिंगच्या खोलीत बस. समोरासमोर नको, शेजारी बस, म्हणजे दोघांचं तोंड कागदाकडे राहील. तीन-चार चेकलिस्ट छापून ने. त्या बोलतील, तुला कमी बोलावं लागेल.

शब्दांचं थोडं सांगते, कारण आपली भाषा यात फार मदत करते. ‘तुम्ही चूक केलीत’ आणि ‘इथे चूक झालीय’ यात काय फरक आहे हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पहिल्या वाक्यात माणूस पुढे येतो, दुसऱ्यात कागद. तू दुसरं वापर. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘हल्ली तुमचं लक्ष नसतं’ हे तिन्ही गाळ. लक्ष आहे की नाही हे तुला दिसत नाही, आकडा दिसतो. आणि त्या दिवशी त्यांना अचानक ‘सर’ म्हणू नकोस. नऊ वर्षं काका म्हणतेस ना, मग त्या खोलीतही काकाच म्हण. नातं दाराबाहेर ठेवून आत गेलीस तर ते पहिल्याच वाक्याला ओळखतील.

म्हणजे काहीसं असं : ‘काका, या महिन्यात चार बिलांमध्ये वजनाची अदलाबदल झालीय. ही बघा. जहाज चुकलं ते याच्याचमुळे. तेव्हापासून मी संध्याकाळी तुमच्या चेकलिस्ट तपासत होते आणि तुम्हाला सांगितलं नाही, ते माझं चुकलं. साहेबांशीही बोलले, तेही तुमच्या आधी बोलायला नको होतं. हे कुठे होत असेल असं तुम्हाला वाटतं?’

आणि मग गप्प बस. हे सगळ्यात अवघड आहे. ती शांतता खायला उठते आणि आपण ‘तसं काही फार मोठं नाही हो’ असं म्हणून सगळं बोललेलं पुसून टाकतो. पुसू नकोस. काका रागावतील कदाचित. ‘कालची पोर मला शिकवते’ असंही म्हणतील. म्हणू दे. तो राग त्या खोलीत राहील, तुझ्यावर उरणार नाही, असं मला वाटतं. पण उरलाच, तरी त्यांना कळण्याचा हक्क होताच.

त्यांचं उत्तर मात्र मनापासून ऐक. आमच्याकडे वेतन बिलं करणारे एक लिपिक होते. दोनच शाखांच्या बिलांत ते सतत चुकायचे, बाकीची बिलं स्वच्छ. सगळे म्हणायचे, बेफिकीर माणूस. त्यांना कोणी शेजारी बसवून विचारलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा त्यांनी खणातून त्या दोन शाखांचे कागद काढले. त्यांच्यापर्यंत कार्बनची पाचवी प्रत येत होती. तीनचा आकडा आणि आठचा आकडा मला चष्मा लावूनही वेगळा दिसेना. पहिली प्रत त्यांना द्यायला सुरुवात केली आणि चुका थांबल्या. तुझ्या काकांना कागद कुठल्या रूपात मिळतात, आकडे भरताना त्यांना किती फोन घ्यावे लागतात, आधीच्या मालाच्या फाइलवर नवीन माहिती चढवायची पद्धत तर नाही ना, हे बघ. जुन्या इन्व्हॉइसचा नंबर राहून जातो म्हणतेस, त्यावरून मला तरी शेवटच्या गोष्टीचा संशय येतो.

पंधरा दिवसांनी पुन्हा बसायचं, असं त्याच दिवशी ठरवून टाक. आणि त्या दिवशी सुधारलेलं बिल असेल तर तेही छापून ने.

प्रश्न : दादरला माझं साड्यांचं दुकान आहे, वय अठ्ठेचाळीस. मी फटकळ आहे, पण मनात काही ठेवत नाही. दिवाळीच्या आधी एका बाईंनी पाच हजारांपर्यंतची साडी मागितली आणि आमच्या मुलीने पंधरा हजारांच्या पैठण्या उलगडल्या. बाई उठून गेल्या. मी तिला सगळ्यांदेखत झापलं. तिने दुसऱ्या दिवसापासून येणं सोडलं, तिच्या पाठोपाठ अजून एक गेली. आमच्या मालकांनी आम्हाला असंच घडवलं. आताची मुलं फार नाजूक झालीत का?
— एक दुकानदार, दादर

उत्तर : नाजूक झाली असतील असं मला वाटत नाही. तुमच्या वेळी नोकरी सोडून जायला दुसरीकडे जागा नव्हती, म्हणून तुम्ही राहिलात. आणि मनात काही ठेवत नाही असं तुम्ही म्हणता, ते मला खरंही वाटतं. पण तुम्ही मनातून जे काढून टाकता, ते त्या मुलीच्या मनात जाऊन बसतं.

मी हे अधिकाराने सांगते, कारण मी ते केलंय. २००३ साली आमच्याकडे एक नवीन मुलगी आली होती, हुशार, नेटकी. एका सेवापुस्तकात तिने वेतननिश्चिती चुकीची केली. मी सहा जणांसमोर तिला म्हटलं, ‘अक्कल कुठे ठेवून येतेस?’ ती काही बोलली नाही. चूक दुरुस्त केली, मान खाली घालून काम करत राहिली. मला वाटलं, सुधारली.

चार वर्षांनी आमच्या कार्यालयातले एक जण निवृत्त व्हायचे होते. वेतन पडताळणी पथकाकडे सेवापुस्तक गेलं आणि तिथे सापडलं की त्यांच्या वेतनवाढीची तारीख चुकली होती आणि त्यांना वर्षानुवर्षं जास्त पगार गेला होता. ती सगळी रक्कम त्यांच्या उपदानातून, म्हणजे ग्रॅच्युइटीतून, वसूल झाली. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी त्या पैशाचा हिशेब करून ठेवला होता. ते माझ्या टेबलासमोर येऊन बसले आणि पंधरा मिनिटं एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी ती मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, ‘मॅडम, मला ते तेव्हाच दिसलं होतं. तुम्ही ओरडला होतात त्यानंतर महिन्याभरातच. सांगायचं धैर्य झालं नाही.’

मी ओरडले ते एका मिनिटात संपलं होतं. त्या मुलीने मात्र तेव्हापासून एकही शंका माझ्याकडे आणली नव्हती, आणि मी त्याला सुधारणा समजत होते.

१९९६ मध्ये अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी या दोन अभ्यासकांनी कामाबद्दल माणसाला सांगितल्याने काय फरक पडतो, यावरच्या तोवरच्या संशोधनातले ६०० हून अधिक निष्कर्ष एकत्र करून तपासले. सरासरी काढली तर सांगितल्याने काम सुधारतं. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा ते आधीपेक्षा बिघडलं. त्यांचं म्हणणं असं की बोलण्यामुळे माणसाचं लक्ष कामावरून उठून स्वतःवर गेलं, मी कसा आहे, माझी लायकी काय यावर गेलं, की फायदा कमी होत जातो. माझ्या ‘अक्कल’ या शब्दाने नेमकं तेच केलं होतं.

तुमच्या दुकानापुरतं सांगायचं तर गिऱ्हाईक असताना काही बोलू नका. कोणी स्टुलावरून पडत असेल, वायरीतून ठिणगी उडत असेल, तर जरूर ओरडा. साडीसाठी नाही. शटर ओढायच्या आधी तिला बाजूला घ्या आणि तुम्ही काय पाहिलंत ते सांगा. ‘बाईंनी पाच म्हटलं आणि तू पहिली साडी पंधराची काढलीस. दुसरी उलगडलीस तेव्हा त्यांनी पर्स मांडीवर घेतली. तिथेच त्या उठणार हे कळतं.’ हे तुम्हाला दिसतं, कारण तुम्ही कितीतरी वर्षं गादीवर बसला आहात. तिला दिसत नाही. ती पर्स मांडीवर घेणं तुम्ही तिला शिकवलंत तर तिचा जन्मभर उपयोग होईल. नुसतं झापलंत तर ‘शेटजींसमोर महागाची साडी काढायची नाही’ एवढंच ती शिकते. दुसऱ्या दिवशी एखादं गिऱ्हाईक तुम्ही स्वतः करा आणि तिला शेजारी बसून बघू द्या.

गेलेल्या मुलीला फोन करा. परत यावी म्हणून नाही, तो तिचा प्रश्न. तिचा राहिलेला पगार असेल तर तो द्या आणि चुकलं म्हणा. दुकानातल्या बाकीच्यांनाही सांगा की मी फोन केला होता. तिला सगळ्यांदेखत बोललात ना, मग हेही सगळ्यांना कळू दे.

प्रश्न : हाताखालच्या माणसाचं कौतुक केलं की तो शेफारतो, असं आमचे वरिष्ठ म्हणतात. खरं आहे का?
— एक वाचक, विरार

उत्तर : ‘वा, छान’ म्हटल्याने कोणी शेफारत नाही आणि कोणी सुधारतही नाही, कारण काय छान झालं ते त्याला कळत नाही. नेमकं सांगितलं तर मात्र काम सुधारतं. आमच्या नस्त्यांच्या, म्हणजे फायलींच्या, कपाटात एका शिपायाने एका खणातल्या नस्त्यांचे क्रमांक कडेला, उभे दिसतील असे लिहिले होते, स्वतःच्या मनाने. मला घाईची एक जुनी नस्ती हवी होती. मी त्यांना बोलावून सांगितलं, ‘तुम्ही क्रमांक कडेला लिहिलात म्हणून मला ही तीन मिनिटांत सापडली, नाहीतर दुपार गेली असती.’ ते ‘हो मॅडम’ म्हणाले आणि गेले. पंधरा दिवसांनी पाहिलं तर तिन्ही कपाटं तशी लावलेली होती, लाल शाईने.